मेलेली बाटली

११ मार्च

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं, पण हात आखडला. नुसतं 'दादा' पुरे आहे, तेही सवयीनं.

आपल्या दोघांच्या दारांमध्ये एक रस्ता आहे, आणि त्यातून धड दोन हातगाड्या शेजारून जात नाहीत. तरी पत्र लिहितोय. कारण तुझ्याशी बोलणं मी टाकलंय आणि टाकलेलं परत उचलायची माझी तयारी नाही. शिवाय बोलायला गेलं की तू 'हं, हं' करत राहतोस आणि माझ्या रागाची सगळी हवा निघून जाते. कागदाला 'हं' करून बघ. ही पत्र वहिनीकडे देईल, वहिनी तुझ्याकडे. त्या दोघींचं बोलणं चालू आहे, त्याला माझी हरकत नाही.

मुद्द्याचं सांगतो. आपल्या सोड्याच्या कारखान्याच्या फाटकासमोरचा सायकलवाल्याचा गाळा मी घेतलाय. रविवारी दुकान उघडतोय. नाव 'घोटभर'. बिनगॅसची सरबतं, छोट्या पेल्यांतून. सगळ्यांत आधी तुला कळवतोय, कारण पाठीमागून वार करणं मला जमत नाही. ते काम तुझं.

तुला वाटलं असेल, वर्ष होऊन गेलं, ढोल्या विसरला. ढोल्या काहीही विसरलेला नाही. हे नावही तूच ठेवलंस, तेव्हा मी पहिलीत होतो. मग बाबांनी मला क्रेटवर बसवून, हातात बाटली देऊन, पेंटरकडून चित्र काढून घेतलं आणि सोड्याचं नाव 'ढोल्या मार्का' झालं. सगळ्या गावात माझे गाल आणि माझं पोट बाटलीला चिकटून फिरलं. मी तक्रार केली नाही. उलट चित्राला जागलो, वाढतच गेलो.

वजनाचं ऑपरेशन करून घेतलं ते जिना चढवेना म्हणून. आईला आपण अपेंडिक्स सांगितलं, दुकानदारांना तेवढंही नाही. पोट कापून केळ्याएवढं केलंय, हे तुला, वहिनीला, हिला आणि मलाच ठाऊक. 'लेबलवर ज्याचं पोट आहे त्यानंच पोट काढून टाकलं, हे आत्ता बाहेर फुटायला नको,' हे तुझं वाक्य. 'एवढा दुकानदारांचा मेळावा पार पाडू, मग हळूहळू सांगू,' हेही तुझंच.

मेळाव्यात मी काय करायचो ते सगळ्या दुकानदारांना पाठ आहे. अंगणात उलट्या क्रेटवर उभं राहायचं, आईनं आपल्या हातानं बाटली द्यायची, मी ती एका दमात रिकामी करायची आणि मग माईकमध्ये ढेकर. त्या ढेकरावर सीझनच्या ऑर्डरी निघायच्या.

आणि सर्जननी मला काय सांगितलं होतं? गॅस बंद, कायमचा. घटाघटा पिणं बंद, कायमचं. तू माझ्या कानाशी लागून म्हणालास, "घाबरू नको. पोत्याखाली मेलेली ठेवलीय तुझ्यासाठी. ओठ लाव, गाल फुगव, बाकीची शर्टावर सांड."

गॅस उडालेली ती मेलेली, भरलेली ती जिवंत, हे आपल्या कारखान्यात झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. फक्त आईसमोर मेलेली म्हणायचं नाही, झोपलेली म्हणायचं. लहानपणी तोंडातून 'मेली' निघालं म्हणून दोघांनीही पळीचा मार खाल्लाय. सांगायचा मुद्दा, चुकायला जागाच नव्हती. मी तुझ्यावर विश्वास ठेवला आणि ओठ लावले. बाटली जिवंत होती. अशी तशी जिवंत नव्हे, उड्या मारत होती.

पुढचं तुला माहीत आहे. आतला टाका उसवला, दुसऱ्यांदा पोट उघडलं आणि मग तोंडानं पाण्याचा थेंब नाही. नर्स ओल्या कापसानं ओठ पुसायची आणि मी तो कापूस चोखू नये म्हणून लगेच काढून घ्यायची. समोरच्या खाटेवरचा म्हातारा तांब्या तोंडाला लावून प्यायचा. त्याच्या गळ्याची घाटी वरखाली व्हायची आणि मी तीच बघत पडलेलो असायचो. तू पायथ्याशी उभा होतास. मी विचारलं, "दादा, जिवंत कशी आली?" तू मान खाली घातलीस आणि म्हणालास, "चुकलं माझं."

बस्स. मेळावा गाजायला हवा होता, मेलेल्या बाटलीनं ढेकर येत नाही, म्हणून तू जिवंत दिलीस, आणि वर दोन शब्दांत मोकळा झालास. त्याच खाटेवर मी ठरवलं, की याला पाणी पाजल्याशिवाय राहायचं नाही.

रविवारी उघडतोय. नमस्कार लिहायचा विसरलेलो नाही, लिहायचाच नाही.

लेबलवरचा

२ एप्रिल

दादा,

तुझं उत्तर मिळालं. एवढ्या मोठ्या पत्राला उत्तर काय, तर लेबलाच्या पाठकोऱ्या बाजूवर तीन शब्द : 'पाणी पितोस ना?'

डोक्यात तिडीक गेली. घर जाळून वर विचारायचं, ऊब मिळतेय ना? मी ते लेबल चुरगाळून फेकून दिलं. हिनं उचलून सरळ केलं आणि माझं चित्र आहे म्हणून डब्यात ठेवलं. तिला कुठल्या बाजूचं काय ठेवायचं ते कळत नाही.

पितो, दादा. कसा पितो ते ऐक, एकदा ऐकच.

खोकल्याच्या औषधाबरोबर ते प्लास्टिकचं टोपण येतं ना, ते माझं भांडं. त्यातून घोट घ्यायचा, थांबायचं, तो खाली उतरल्याचं छातीत जाणवलं की पुढचा. घाई केली की बरगड्यांमध्ये दगड अडकतो आणि तो सुटेपर्यंत भिंतीला धरून उभं राहायचं. जेवताना पाणी नाही. जेवणाआधी थोडा वेळ नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. ठसका लागला तरी नाही. स्ट्रॉ नाही, तिच्यातून हवा जाते. गोड सरबत प्यायलो तर घाम फुटतो आणि हातपाय थरथरतात, म्हणजे स्वतःच्या दुकानात मी गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे बघत बसतो. डाएटवाल्या बाई म्हणतात, दिवसभर घोट घोट चालू ठेवा, तहान लागायची वाट बघू नका. आता माणूस तहान नसताना पिणार कसा? आठवणीनं. आणि दुकानात बसलेल्या माणसाला आठवण राहत नाही.

मग मी एक युक्ती काढली, आणि ती तुझ्याच जिवावर. तुमचं मशीन चालू झालं की क्रेट भरतो, भरला की माणूस तो फरशीवर आपटतो. धाडकन आवाज झाला की मी घोट घेतो. तुझ्या कारखान्याचा माझ्या जन्मात झालेला एवढाच उपयोग.

आठवण कशाची येते, सांगू? जेवणाची नाही. लोकांना वाटतं ढोल्या मिठाईसाठी झुरत असेल. मी झुरतो ते घटाघटा पिण्यासाठी. उन्हातून यावं, तांब्या उचलावा, मान मागे टाकावी आणि गळा सैल सोडून द्यावा. पाणी आपणहून उतरतंय, शर्ट भिजतोय, श्वास संपत आला तरी थांबवत नाही. ते सुख गेलं. गळ्याला अजून पटलेलं नाही, तो अजून उघडतो. त्या दिवशीही तसाच उघडला म्हणून दोन-तीन घोट आत गेले. ते जाऊ दे.

दुकान चाललंय. सुरुवातीला लोक हसले, 'पेला आहे की अंगठ्याची टोपी?' आता शिक्षिका येतात, रिक्षावाले येतात, व्यायामशाळेतली पोरंसुद्धा येतात. लिंबू, आलं, पुदिना, चिमूटभर मीठ. पण दुकान हे निमित्त आहे. खरं काम पाटी करते. ती काल लावली, तू फाटकात उभा राहून वाचलीस, मी आतून बघितलं. डावीकडे आपलं लेबल मोठं करून. उजवीकडे मी, आजचा, जुनी पँट पोटापासून हातभर पुढे ताणून धरलेला. खाली लिहिलंय :

'ढोल्या मार्का पिऊन असा झालो. सोडा सोडला, असा झालो. तुम्हीही सोडा सोडा!'

बघितलंस? ऑपरेशनचा एक शब्द नाही. खोटं म्हणशील तर कोर्टात ये आणि दुकानदारांसमोर सांग, की तूच माझं पोट लपवलंस.

तुझा (छापील) भाऊ

३० एप्रिल

दादा,

आज मजेत आहे, म्हणून अक्षर बरं आलंय.

शाळेच्या कॅन्टीननं तुमचा सोडा बंद केला, ही बातमी तुला माझ्या आधी कळली असेल. मुख्याध्यापिका स्वतः माझ्या पाटीसमोर उभ्या राहून वाचून गेल्या. मग नाक्यावरचा किराणावाला. मग सिनेमाच्या आवारातला. काल बेकरीवाला दुकानात आला, लेबलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तूच का रे हा? आमच्या फ्रीजवर चिकटवलाय तुला." मी म्हटलं, "खरवडून काढा." त्यानं काढलं म्हणे. मला ते ऐकून जे बरं वाटलं, ते मेल्यावर स्वर्गात गेलो तरी वाटणार नाही.

वहिनी हिला सांगत होती, भरलेले क्रेट गोदामात तसेच पडलेत आणि तू रात्री नीट जेवत नाहीस. जेवू नकोस. एक वर्ष मीही धड जेवलेलो नाही.

आईला तू काय सांगितलंस ते माहीत नाही, पण ती मधूनमधून रस्ता ओलांडून येते. पाटी वाचते. तिला दूरचं नीट दिसत नाही, तिनं फक्त खालचे दोन मोठे शब्द वाचले. मला म्हणाली, "'सोडा सोडा' लिहिलंयस, मग सोड की. भावाशी किती दिवस धरून बसशील?" मी हसलो. तिला काय सांगणार? तिच्या लेखी मला अपेंडिक्सचा दुसरा झटका आला होता आणि तू दवाखान्यात उशिरा आलास म्हणून मी रुसलोय.

आता एक विचारतो. तुमचं मशीन दुपारनंतर बंद असतं, हे मला ऐकू येतं. मग क्रेट कशाला आपटतोस? मशीन बंद, माणसं घरी गेलेली, आणि धाडकन आवाज. थोड्या वेळानं पुन्हा. आवाजावरून क्रेट रिकामा आहे हे न कळण्याइतका मी सोड्यातून उठलेलो नाही. राग काढतोस का माझ्यावर? खुशाल काढ. मी प्रत्येक धाडकन्‌ला घोट घेतो आणि मनात म्हणतो, आपट, अजून आपट.

पाणी पितोस ना, हे पुन्हा लिहून पाठवू नकोस. दुसऱ्यांदा तेच आलं. लेबलं उरली असतील, मान्य आहे, पण शब्द तरी बदल.

तोच

१९ मे

दादा,

मशीन विकायला काढलंस, असं कळलं. सत्तावीस तारखेला न्यायला येणार. वहिनी हिच्याजवळ रडली आणि ही माझ्याजवळ. मी रडलो नाही. मी पाटी पुसून चकचकीत केली, फडक्यानं, दोन्ही चित्रं, कोपऱ्यांसकट.

जिंकलो, दादा. एका गाळ्यात बसून, अंगठ्याएवढ्या पेल्यानं. बाबांनी उभा केलेला कारखाना तू माझ्या पोटावर चालवलास आणि मी पोट काढून घेतलं, तर बसला खाली. हे वाक्य मी खूप दिवस तयार करून ठेवलं होतं. लिहिताना जेवढी मजा येईल वाटलं होतं, तेवढी आली नाही. उकाडा फार आहे, म्हणून असेल.

त्या मशीनच्या डाव्या पायाखाली लाकडाचा तुकडा आहे, तो नेणाऱ्यांना सांग. नाहीतर ते चालताना कलतं आणि बाटल्यांचे गळे तडकतात. तो तुकडा बाबांनी माझ्या बॅटचा कापून लावला होता. मी दिवसभर भोकाड पसरलं होतं आणि तू मला तुझी बॅट दिली होतीस. हे मी का लिहितोय मला माहीत नाही. हे तुझ्या बाजूला धरू नकोस.

तुला पाणी पाजलं, एवढं खरं.

ढोल्या

२४ मे

दादा,

चार ओळीच लिहितो. डोळ्यांपुढे अक्षरं हलताहेत.

कालपासून क्रेट वाजलेला नाही. वहिनी म्हणते तू मशीनच्या कामाला परगावी गेलायस. जाताना कुणाला तरी सांगून जायचंस. म्हणजे आम्हाला कळलं तरी असतं. जीभ टाळ्याला चिकटलीय. पाणी समोर आहे, टोपण भरलेलं आहे, पण आता घोट कधी घ्यायचा तेच कळेनासं झालंय. कधी येणार आहेस?

२६ मे

दादा,

तू परगावाहून परतलास असं कळलं. हे पत्र ही वहिनीकडे देणार नाही, थेट तुझ्या हातात देईल आणि तू वाचेपर्यंत समोरून हलणार नाही. उद्या ते मशीन न्यायला येतील, त्याच्या आत तुला हे वाचायचं आहे. मी स्वतः आलो नाही, कारण समोर आलो तर एक तर तुला मारीन, नाहीतर रडीन, आणि दोन्हींसाठी लागणारं पाणी सध्या अंगात नाही.

परवा तुला चार ओळी लिहून उठलो आणि काउंटरवरच कोसळलो. पेले फुटले. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि हिला झापलं, यांच्या अंगात पाणीच नाही, दोन दिवस हे करत काय होते? ही म्हणाली, "यांचा क्रेट वाजला नाही." डॉक्टरांना वाटलं, बाई धक्क्यानं काहीतरी बोलतेय.

काल सकाळी आई आली. उशाशी बसली. पदराखालून बाटली काढली, आपली, ढोल्या मार्का, गार. म्हणाली, "घे, तरतरी येईल."

मी म्हटलं, "आई, ही जिवंत आहे. मला चालत नाही. मला मेलेली लागते."

मी आजारी, ती म्हातारी, तरी तिनं माझ्या हातावर फटका मारला. म्हणाली, "तोंड सांभाळ! तुम्हा दोघांना चांगलं बोलायला येतच नाही. मेळाव्याच्या दिवशी तोही असाच बडबडला होता. चारचौघांत ओरडून सांगतो, 'आई, पोत्याखालची मेलेली ढोल्याला दे.' नुकतं दवाखान्यातून उठलेलं माझं लेकरू, आणि त्याच्या तोंडाला मी माझ्या हातानं मेलेलं लावू? हात तरी धजेल का?"

मी विचारलं, "मग काय केलंस?"

"काय करणार? ती राहू दिली पोत्याखाली. क्रेटमधली चांगली काढली, हलवून बघितली, फेस कसा वर आला, आणि तुला दिली. म्हणून तर दुसरा झटका निभावलास. नाहीतर त्या मेलेल्या पाण्यानं काय झालं असतं, देव जाणे."

हलवून बघितली, दादा. मला देण्याआधी तिनं ती हलवली.

मी उशीवरून मान उचलली. मग विचारलं, "हे दादाला माहीत आहे?"

"न माहीत असायला काय झालं? त्याच दिवशी दवाखान्यातून आला, पोतं उचलून बघितलं, आणि मला विचारलं. मी सांगितलं. तर म्हणाला, 'बरं केलंस, आई. पण हे ढोल्याला सांगू नको, त्याला शब्द लागेल.'" मग तिनं कपाळावर हात मारून घेतला. "त्याचंही डोकं ठिकाणावर नाही हल्ली. मशीन बंद झालं की रिकामा क्रेट घेऊन अंगणात बसतो. उचलतो, आपटतो. काय करतोस विचारलं, तर म्हणतो, ढोल्याची पाण्याची वेळ झाली."

एवढं सांगून ती चमचा शोधायला लागली. मी तिला काही सांगितलं नाही. तिनं चमच्यानं मला साधं पाणी पाजलं आणि मी ते घोट घोट प्यायलो. बाटली परत पदराखाली गेली.

आता तुझा हिशेब घेतो.

तुझ्या तोंडाला कुलूप होतं का? एका वाक्यात झालं असतं. 'ढोल्या, आईनं बदलली.' बस्स. मी आईवर चिडलो असतो? चिडलो असतो. तिला बोललो असतो, तिनं ऐकलं असतं की आपल्या हातानं मुलाचा टाका उसवला, आणि ती त्याच दिवशी अंथरुणाला खिळली असती. हे तुला दिसलं आणि मला दिसलं नसतं, असं तू ठरवलंस. बरोबर ठरवलंस. याचाच तर राग येतोय. तू मला तुझ्यावर सूड घेऊ दिलास. पाटी लावू दिलीस, कॅन्टीन तोडू दिलंस, बाबांचं मशीन विकायला काढलंस, आणि वर क्रेट आपटत बसलास, मी घोट घ्यावा म्हणून. मी सव्वा वर्ष जपलेला राग, माझ्या जेवणापेक्षा जास्त मी त्यावर जगलोय, तो तू एका रिकाम्या क्रेटनं फोडून टाकलास. मी तुला पाणी पाजणार होतो. शेवटी पाणी तूच पाजलंस, तेही खरंखुरं, रोज, न चुकता.

हे मी फुकट जाऊ देणार नाही.

पहिलं. उद्या येणाऱ्यांना फाटकावरूनच परत पाठव. ऐकत नसतील तर ही तिथंच उभी आहे, ती बघून घेईल. लाकडाचा तुकडा जिथं आहे तिथंच राहील.

दुसरं. पाटी मी उतरवलीय. मागून कोरी आहे, तिच्यावर मेळाव्याची तारीख लिहू. दुकानदार एक-एक करून मी परत आणतो, मी घालवलेत तसे. माझं खरं काय झालं तेही मीच सांगतो सगळ्यांना, ऑपरेशनसकट. आईला मात्र अपेंडिक्सच. दुकान बंद करणार नाही, ते चांगलं चाललंय. तुमच्या फाटकासमोर बसूनच मी तुम्हाला त्रास देणार.

तिसरं. आईनं केलेलं आता दोघांनी मिळून गिळायचं. तू ते एका घोटात गिळलंस. मला घोट घोट करूनच गिळावं लागेल, वेळ लागेल, तेव्हा मधूनमधून तुझ्यावर खेकसलो तर ऐकून घ्यायचं. 'हं' म्हणायचं नाही.

आणि चौथं, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. या वर्षी उलट्या क्रेटवर मी उभा राहणार नाही. तू राहणार. तुला लहानपणापासून सोड्यानं उचकी लागते, नाकातून पाणी येतं, म्हणून तू कायम हिशेबाच्या टेबलामागे लपलास आणि मला पुढे केलंस. यंदा पूर्ण बाटली, एका दमात, सगळ्या दुकानदारांसमोर. तुझे डोळे वाहताना मला बघायचेत. मी पहिल्या रांगेत बसेन, माझं टोपण घेऊन. तू घटाघटा पी, मी घोट घोट घेईन, आणि तुझ्या ढेकराआधी उचकी लागली की सगळ्यांत मोठ्यानं मीच हसेन. त्याशिवाय माझं मन निवणार नाही.

बाटली दरवर्षीसारखी आईच्या हातूनच. तू तिला फक्त एवढं ओरडून सांग, चारचौघांत, की मला मेलेली दे. म्हणजे जिवंत मिळेल, अगदी हलवून.

तुझा,
ढोल्या

ता. क. पितोय. पण क्रेट वाजव.